निम्मे निरोप

जावा या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहितो म्हणून दवाखान्यात सगळे त्याला जावई म्हणत. श्रवणयंत्रांचा दवाखाना होता तो: खाली काउंटर, मागे यंत्रांचे कानात बसणारे साचे धुवायची खोली, वर दुरुस्तीचं टेबल. चाळिशीतल्या त्या अबोल माणसाला हे नाव मनातून आवडायचंही.

दवाखान्याचं वेब अॅप्लिकेशन त्यानेच बांधलं होतं. यंत्र दुरुस्त झालं की वरचा कारागीर ‘तयार’ हे बटण दाबायचा. मग एक निरोप रांगेत जाऊन बसायचा. दुसऱ्या टोकाचा प्रोग्रॅम तो उचलून काउंटरच्या स्क्रीनवर पेशंटचं नाव दाखवायचा आणि काउंटरवरच्या मावशी फोन लावायच्या. बावीस वर्षं त्या तिथे होत्या. कुणाची सून दुपारी घरी असते, कुणाचा मुलगा फोनच उचलत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ.

एका महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. एक निवृत्त बसड्रायव्हर अठरा दिवस यंत्राविना बसून होते. त्यांची मुलगी येऊन म्हणाली, “बाबा आमच्यात जेवायलासुद्धा बसेनात. आणि यंत्र इथे कपाटात तयार?”

कारागीर म्हणाला, मी बटण दाबलं होतं. मावशी म्हणाल्या, माझ्याकडे नाव आलंच नाही. असं सात-आठदा झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, “मावशी, वय सगळ्यांचंच होतं. तुम्ही आता मागे साचे धुवायला बसा.”

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी जावयाची बायको त्याला म्हणाली, “तो जुना लॅपटॉप महिनाभर घुरघुरतोय. बंद करू का?”

त्याने लॅपटॉप उघडून पाहिला. चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तिथे चालूच होता, आणि तो जोडलेला होता दवाखान्याच्या खऱ्या रांगेला. एक ओळ बदलायची राहून गेली होती. रांगेतला निरोप एकालाच मिळतो. एकाने घेतला की तो तिथून जातो. घेणारे दोन झाल्यावर निम्मे निरोप काउंटरला गेले, निम्मे याच्या घरातल्या फळीवरच्या या लॅपटॉपवर. एकूण एकेचाळीस नावं होती; त्यातले बरेच जण फोनची वाट न बघता स्वतःच येऊन यंत्र घेऊन गेले होते. बसड्रायव्हरांचं सातवं.

त्याने प्रोग्रॅम बंद केला. ज्यांनी अजून यंत्र नेलं नव्हतं त्यांचे निरोप पुन्हा रांगेत टाकले, पण एकदम नाही. एकदम टाकले असते तर भांडं फुटलं असतं. दिवसाला चार-पाच. तेवढे दिवस ती माणसं आणखी बहिरी राहिली, हेही त्याला कळत होतं.

मावशी काउंटरवरून हलल्या आणि तक्रारी थांबल्या. “बघा,” सगळे म्हणाले. तो मान खाली घालून चहा प्यायला.

नवव्या दिवशी तो मागच्या खोलीत गेला. मावशी बारीक ब्रशने कानातले साचे घासत होत्या.

“परवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. एक काही केल्या आठवेना. घरी गॅस बंद केलाय का ते आता सून बघते.” आणि हसल्या.

तो समोरच्या स्टुलावर बसला. “मावशी, तुमच्याकडे नावं आलीच नव्हती. माझ्या घरच्या लॅपटॉपने घेतली होती.” मग सगळं सांगितलं.

ब्रश थांबला. “तुम्हाला कधी कळलं?”

“नऊ दिवस झाले.”

“मी परवा गेले होते,” त्या म्हणाल्या. एवढंच.

त्याने तसंच जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळ्यांसमोर सांगितलं. त्या स्वतः मागे गेल्या, मावशींची माफी मागितली आणि त्यांना काउंटरवर आणून बसवलं. त्याची नोकरी राहिली. गेली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटायचं.

त्याने प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला. मधला एखादा गहाळ झाला तर स्क्रीनवर लाल खूण दिसेल अशी सोय केली. मावशींनी ती पाहिली, छान म्हणाल्या. तरी रोज दहा वाजता त्या कठडा धरून जिना चढतात आणि आज काय काय तयार झालं ते कारागिराला तोंडी विचारून येतात. गुडघे दुखतात त्यांचे.

“मावशी, आता चुकायचं नाही हो,” एकदा जिन्यात तो म्हणाला.

“तुमच्यावर विश्वास आहे माझा,” त्या म्हणाल्या. “माझ्यावरच राहिला नाही.” आणि पुढची पायरी चढल्या.