माझ्या अर्जातलं आजारपण

न्हावा शेवाला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं पत्रं लिहितो आहे. कंटेनर बंदरात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला की त्याचं भाडं चढत जातं, आणि ते माफ करून घ्यायचं तर पत्र लागतं. कारण पटण्यासारखं हवं, भाषा नम्र हवी. रडगाणं नको, पण वाचणाऱ्याला वाईट तर वाटलं पाहिजे. हे मला चांगलं जमतं. ऑफिसात कुणाचंही पत्र अडलं की माझ्या टेबलावर येतं.

मुलगी आठवीत गेली त्या जूनमध्ये शाळेतून एक कागद आला. चारशे मीटर रिलेच्या संघात तिची निवड झाली होती. बाहेरून प्रशिक्षक येणार, मैदान भाड्याने घ्यायचं, धावायचे खिळ्यांचे बूट आणायचे, स्पर्धांना गाडीने जायचं. शाळेला यासाठी वेगळे पैसे मिळत नाहीत, तेव्हा पालकांनी वर्षाची वर्गणी द्यावी, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ज्यांना शक्य नाही त्यांनी अर्ज करावा.

त्याच महिन्यात मी तिच्या रोबोटिक्सच्या वर्गाचे पैसे एका शब्दाने न विचारता भरले होते. ते याच्या तिप्पट होते. पण धावायला पैसे? पळायला काय लागतं? बायको म्हणाली, "भरून टाक ना, एवढं काय त्यात." मी म्हणालो, "बघतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज लिहिला. दहा मिनिटं लागली असतील. "पत्नीच्या दीर्घ आजारपणामुळे घराची आर्थिक घडी विस्कटली असून, मुलीला या आनंदालाही मुकावे लागेल की काय, अशी भीती वाटते." असं एक वाक्य त्यात होतं. बायकोला त्या वर्षी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

आठवड्याभरात उत्तर आलं. वर्गणीची काळजी करू नये, मुलीला पाठवावं. घरी मी सांगितलं की चांगली धावते म्हणून शाळेने माफ केली. बायकोने हे अभिमानाने तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं. मुलगी तेव्हा टेबलाशी बसून दप्तर भरत होती. दुसऱ्या वर्षी तर अर्जही करावा लागला नाही. मी ते विसरूनही गेलो.

मुलगी नववीत असताना, थंडीच्या दिवसांत, एका रविवारी जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. तोवर आम्ही एकदाही तिला धावताना पाहिलं नव्हतं. "तुम्ही नका येऊ, मला टेन्शन येतं," असं ती दर वेळी म्हणायची. या वेळी बायको म्हणाली, "न सांगता जाऊ." आम्ही गेलो. मैदानाच्या कडेला मांडवाखाली पालक बसले होते. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. बायकोने शेजारच्या कुणाला तरी आपली मुलगी कोणती ते बोटाने दाखवलं.

दोन मिनिटांत पुढच्या रांगेतून एक बाई उठून आली. हिरवी साडी, कानात ठसठशीत सोनं, हातात स्टीलचा डबा. तिची मुलगी आमच्या मुलीच्याच संघात होती, शेवटचा टप्पा धावायची. ती बाई करंज्याच्या बंदरावरून पहाटे लिलावात मासळी उचलते आणि पनवेलच्या बाजारात विकते, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती सरळ माझ्या बायकोच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमीच ना? आता कसा हाय ताय? बरा वाटतं ना?"

बायको हसली. तिला वाटलं, ही सहज चौकशी करते आहे. "बरं आहे की," ती म्हणाली.

"देवीची किरपा. मी एकवीरा आईला बोलली व्हती तुमच्यासाटी. त्या किडनीच्या दुखन्यात मानूस खचतो. माज्या जावेला झालेला ना, मना म्हाईत हाय. पोर तुमची सांगायची, आठवड्याला दोनदा हास्पिटलात न्यावा लागतं म्हनून."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून ते अर्धवट हसू तसंच होतं.

बाई बोलतच होती. "शालेतल्या बाईंनी मिटिंगात तुमचा कागद वाचून दाखवला. नाव नाय घेतला त्यांनी, पन चौघीच पोरी, कलतं ना आमाला. मी त्याच वक्ताला बोलली, तिचा मी भरते. चार पोरी नसतील तर माजी धावंल कुनासंगं?"

म्हणजे शाळेने काही माफ केलंच नव्हतं. दीड वर्षं माझ्या मुलीच्या धावण्याचे पैसे ही बाई भरत होती.

उठून निघून जावं असं मला वाटलं. बायकोने मात्र त्या बाईचे हात सोडले नाहीत. ती अगदी हळू म्हणाली, "आता पुष्कळ बरं आहे मला." आणि तिचे डोळे भरून आले. बाईचेही आले. तिने डब्यातला खोबऱ्याचा लाडू बायकोच्या हातावर ठेवला. मला एक दिला. तो मी हातात धरून बसलो.

तेवढ्यात माझं लक्ष मैदानाकडे गेलं. मुलगी तिच्या जागेवर उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. इतक्या लांबूनही तिला सगळं कळलं असावं. मग पिस्तूल वाजलं, लोक ओरडायला लागले, चौघी धावल्या. ती कशी धावली, मला सांगता येणार नाही. मी बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. त्यांचा दुसरा नंबर आला, एवढं माइकवरून कळलं.

परत येताना मुलगी गाडीत मागे बसली होती, गळ्यात पदक होतं. कळंबोलीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायकोने विचारलं, "मला नेमकं काय झालं होतं?"

मी अर्जाबद्दल सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. मला ते पाठ होतं, याचंच मला नवल वाटलं.

"आणि किडनी?" बायको म्हणाली.

मागून मुलगी बोलली. आवाज कोरडा होता. "त्या काकूंनी विचारलं, काय झालंय आईला, किडनीचं आहे का? मी मान हलवली. मग सगळ्या विचारायला लागल्या. काहीतरी सांगावंच लागायचं."

"तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? तुम्हीच लिहिलं होतंत. मी तिथे सांगू, की माझे बाबा खोटं बोलतात?" तिने गळ्यातलं पदक काढलं. "म्हणून मी गाडी नको म्हणायचे. कोपऱ्यावर सोडा म्हणायचे. नवे बूट दोन महिने घरीच ठेवले होते मी. आणि आई, तू दिवाळीत मैदानावर यायचं म्हणालीस ना, तेव्हा मला ताप नव्हता आला."

मला वाटलं होतं, वयात आलेल्या मुलींना आईबापांची लाज वाटते, तसलं काहीतरी असेल. लाज होतीच. पण मी समजत होतो ती नव्हती. चौदा वर्षांची पोर दीड वर्षं रोज मैदानावर एक आजारी आई सांभाळत होती. ती आजारी आई मी लिहिली होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "शाळेला पत्र लिहितो, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागतो, पैसे ऑनलाइन पाठवतो." "तू आता काहीही लिहायचं नाहीस," बायको म्हणाली. "तोंडाने सांगायचं. त्या बाईला. समोर जाऊन."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं बाजारात गेलो. बाई पाटावर बसून सुरमई कापत होती. बायकोला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं, तुमी कशाला आलात यवढ्या गर्दीत? घरी धाडली असती."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, बाईने त्याला हाताने थांबवलं.

"मंजी ताय आजारी नव्हती?"

"नव्हती."

"कंदीच?"

"कधीच नव्हती."

तिने कोयता खाली ठेवला. पहिल्यांदा ती बायकोकडे वळली आणि म्हणाली, "बरा झाला गो. चांगली हायस ना?" खरंच सांगतो, तिला आधी आनंद झाला. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. तिने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"माजी धाकटी पाचवीला हाय. तिला कराटेला जायाचा व्हता. शालेतच हाय, वेगले पैसे पडतात. दोन वर्सं मागं लागलीय. मी तिला काय सांगितला, म्हाईत हाय? त्या ताईची आय आजारी हाय, आपन थांबू. पोर थांबली. एकदा पन रडली नाय."

मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं, पाटाखालच्या डब्यात टाकलं, उघडूनही पाहिलं नाही. "पैसं मी घेनार. माज्या कष्टाचं हायत," ती म्हणाली. "पन हा लिवलात कशाला तुमी? नाय द्यायचं तर नाय म्हनायचा. बायकोला कशाला आजारी पाडलात?"

कुणी आजवर मला इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. ती पुन्हा मासळी कापायला लागली. आम्ही निघालो.

शाळेतही जाऊन सांगितलं. अर्ज वाचून दाखवणाऱ्या बाई खुर्चीतच बसून राहिल्या. "मी वाचताना रडले होते हो," एवढंच म्हणाल्या. पुढच्या मिटिंगमध्ये बाकीच्या पालकांसमोर मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. एक जण उठून बाहेर गेला. बाकीचे खाली बघत बसले. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मुलगी तीन आठवडे सरावाला गेली नाही. मी किती समजावलं, तिने दार लावून घेतलं. मग एका संध्याकाळी बेल वाजली. त्या बाईची मुलगी दारात उभी होती, ट्रॅकसूटमध्ये, घामाघूम. माझ्याकडे न बघता ती थेट आत गेली. "प्रॅक्टिसला दुसरी पोरगी धावते तुझ्या जागी," ती म्हणाली. "ती लय हळू आहे. माझ्यापर्यंत येते तोवर सगळ्या पुढे गेलेल्या असतात. तू येणार आहेस की नाही?"

मग आतून बुटांचं कपाट उघडल्याचा आवाज आला.

आता मी वर्गणी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतो. त्या बाईची धाकटी कराटेला जाते. तिचे पैसे आम्ही देऊ, असं बायकोने विचारून पाहिलं होतं, तेव्हा ती बाई स्पष्ट नाही म्हणाली. बायको मात्र दर मंगळवारी-शुक्रवारी तिच्याकडूनच मासळी आणते, तिथे अर्धा तास बसतेही. दोघींचं काय बोलणं होतं मला माहीत नाही. मी कधी सोबत गेलो तर ती बाई बायकोशी बोलते, पिशवी बायकोच्या हातात देते, सुट्टे बायकोलाच परत करते. मी शेजारी उभा असतो.