तीन मुलांची शेजारीण

पोर पडलं की ती आधी चहाचा घोट घ्यायची. मग अंगणाकडे न बघताच म्हणायची, "रडून झालं की आत ये, पोळी गरम आहे."

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत तिचं घर आमच्या कुंपणाला लागून. तिला तीन मुलं, मला एकच, नऊ वर्षांची इरा. अशी शेजारीण तुम्हालाही असेल आणि तुम्हीही तिच्यावर मनातून जळला असाल. मी तर उघड जळायचे.

तिच्याकडे एकाला शाळेत कुणी चिडवलं, तर बाकीचे दोघं नकला करून त्याला हसवत. मारामारी, रडारड, आणि जरा वेळाने तिघंही ट्रँपोलिनवर. इराला नेटबॉलच्या टीममध्ये घेतलं नाही तेव्हा ती धड जेवलीसुद्धा नाही. "नोबडी वॉन्ट्स मी, आई." तिच्या खोलीबाहेर बसून मीही रडले.

"तुझं बरंय," मी एकदा शेजारणीला फणकाऱ्याने म्हटलं. "तुझी पोरं एकमेकांना सावरतात. माझी एकटी काय करणार?"

"शिकेल गं. नो वरीज."

तुला काय जातंय बोलायला, असं अगदी ओठांवर आलं होतं.

भाऊबीजेला तर माझा हेवा उतू जायचा. तिची मुलगी दोन भावांना ओवाळणार, आणि भाऊ नाही म्हणून इरा चंद्राला. त्या वर्षी कोर समोरच्या दुमजली घराआड गेली, म्हणून आम्ही तबक घेऊन फुटपाथवर आलो. तिथे शेजारीण निरांजन धरून चंद्राला ओवाळत होती.

"तू कशी इथे?"

"मला कुठे भाऊ? बहीणही नाही. आमचा लहानपणापासून चांदोबाच. ये इरा, दोघी मिळून ओवाळू."

इरा पळतच गेली. पुण्यातल्या माझ्या दोन सख्ख्या भावांना मी दुपारीच व्हिडिओवर ओवाळलं होतं. तरी रडूबाई मीच! एकुलतेपणाचं कारण हातचं गेलं, हेवा मात्र दुप्पट झाला. पुढे शाळेतलं काही बिनसलं की इरा आधी तिच्याकडे जायला लागली.

मागच्या महिन्यात ते सगळे दूर दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला गेले, तिच्या नवऱ्याला तिथे नोकरी लागली. इरा कोसळणार म्हणून मी रजा काढली, आइस्क्रीम आणून ठेवलं. गाडी वळेपर्यंत इराने हात हलवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "कोपऱ्यावर नवीन मुलगी आलीये. खेळतेस का विचारून येते." आणि एकटीच गेली.

मी त्यांच्या रिकाम्या ड्राइव्हवेकडे बघत राहिले. माझ्या लेकीला हे त्या बाईने शिकवलं, मी नाही. याचा मला अजून राग येतो. आणि तिची आठवण आली नाही असा एक दिवस जात नाही.