परतीची गाडी

चामोर्शीहून चंद्रपूरला निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारची कबड्डीची प्रशिक्षक सीटवर टेकेचना. दर थांब्याला खिडकीतून वाकून बघायची. मागे तिच्या सहाच मुली होत्या. कॉलेजनं यंदा सामन्यांचा विभाग बदलून चंद्रपूर घेतला, म्हणाली.

“जुन्यात हरत होते का, मॅडम?” मी विचारलं.

“जिंकत होतो, भाऊ. पण सामने नागपूरले, मुक्काम करा लागे. घरचे पोरी धाडत नव्हते. तगड्या टीम तिकडंच राह्यल्या, पण सातच नाई भरले तर त्यायच्याशी खेळन कोण?”

पुढच्या थांब्यावर सातवी चढली. मागोमाग तिचे वडील.

“परत कधी?”

“तीनची गाडी, काका. दिवसाउजेडी घरी.”

ते मुलीकडे बघत उतरले. गाडी सुटली, तरी ते दिसेनासे होईपर्यंत प्रशिक्षक उभीच होती.