गिरधरची काच

"…आनि जीपवर काही लिखीसन आनू नका, आताच सांगी ठेवस! देवनी तोंड देयेल शे, तोंडघाई बोला!"

शांतीबाईने भाकरी उलटली ती इतक्या जोरात, की तवाच चुलीवरून सरकला. गिरधर ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होता. लावून झाला तरी लावतच राहिला.

"परवा ॲडमिशनना शेवटला दिन शे. पोरना नाशिकले नर्सिंगले नंबर लागी गया. ती म्हनस, आबा हो म्हनतीन तरच जासू. आनि आबा? भिंत तरी बरी, खिळा ठोका ते आवाज करस!"

गिरधर उठला, किल्ली घेतली आणि गेला. आतल्या खोलीत काजल कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग भरायची की कपाट, तिलाच ठाऊक नव्हतं.

गिरधर तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप नेतो. "पाय आत घ्या", "सरका थोडं", "उतरा" एवढी त्याची दिवसाची भाषा. स्टँडवरच्या बाकीच्या जीपांवर आईवडिलांचा आशीर्वाद नाहीतर देवीची कृपा एकदा चिकटली, की गाडी भंगारात जाईपर्यंत तीच. गिरधरची मागची काच मात्र बदलत राहायची. घरात काही झालं की तो रेडियमवाल्या मिथुनकडे जायचा, जुनी अक्षरं खरवडून काढायचा आणि नवी लावून घ्यायचा. घरात बोलणं सगळं अहिराणी, पण काचेवर शाळेतली शुद्ध मराठी.

काजल झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहिला होता. सासूने नाक मुरडलं, पोरगी झाली म्हणून तोंड पाडलं असेल, असं शांतीबाईलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी काचेवर हातभर अक्षरं: 'आमच्या घरी राणी आली'. एकदा मिरचीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने ताट सरकवलं, तर आठवडाभर साऱ्या तळोद्याने वाचलं: 'चूक माझी होती'. बाजारात बाया विचारत, "काय वो शांती, काय चूक करी त्यानी?" ती काय सांगणार, मिठाचं?

आणि एकदा ती रागावून माहेरी लोणखेड्याला गेली, ती येईचना. तिचा भाऊ हेमकांत शहाद्याच्या स्टँडवरून हसत हसत घरी आला. "ताई, बॅग भर. दाजी गावभर गाडी फिरवी ऱ्हायनात. मांगे लिखेल शे, 'घर सुनं सुनं'. मन्ही लाज जाई ऱ्हायनी." परतीच्या वाटेवर गिरधर एकच वाक्य बोलला होता, "दार नीट लाव."

तेव्हा तिला हसू आलं होतं. पण बाईमाणसाने नवऱ्याच्या मनातलं चारचौघांच्या आधी तरी वाचावं की नाही?

संध्याकाळी जीप अंगणात लागली. शेजारच्या कौसाबाई पाणी भरता भरता थांबल्या. "वो शांती, तुन्ही काच आज मुकी काबरं?"

शांतीबाई बाहेर आली. काच कोरी होती. खरवडल्याच्या रेघा आणि गोंदाचे डाग, बाकी काही नाही. इतक्या वर्षांत तिने ती अशी बघितली नव्हती. गिरधर अजून स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. ती दुसऱ्या बाजूने चढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"काय व्हयनं?"

त्याने गाडीची किल्ली काढली.

"लिखं," तो म्हणाला. "मंग काढं. परत लिखं. मिथुन म्हने, काका, पहिले पक्कं करा."

"मंग करा ना पक्कं."

"माले बोलता येत नही, असं नही शे." त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढला. "बोलाले लागनू का गळा दाटस. पोर जाई, ते घर…" त्याने टॉवेल तोंडाशी धरला.

शांतीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नापासून ती याला अकड समजत आली होती. सासू तेच समजली, भाऊ तेच समजला, ताट सरकवलं त्या दिवशी तर तिची देवाशप्पथ खात्री झाली होती. आणि हा माणूस रडू येईल म्हणून गप्प!

"मंग दाटू द्या," ती म्हणाली. "घरमा कोन तुम्हना फोटो काढी ऱ्हायनं?"

तो हसला की हुंदका दिला, ते टॉवेलमुळे कळलं नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर पीठ लागलेला हात ठेवला, आणि कौसाबाई बघताहेत हे माहीत असूनही काढला नाही.

जेवायला बसले तेव्हा काजलने भाकरी वाढली, वरण वाढलं, आणि आबांच्या ताटाकडे बघत उभी राहिली. गिरधर घोटभर पाणी प्यायला. शांतीबाई मुद्दाम भांड्यात डाव फिरवत राहिली, वर बघितलं नाही.

"काजल नाशिकले जाई," तो म्हणाला. आवाज मध्येच फाटला, तरी तो थांबला नाही. "सकाय मी सोतः सोडाले जासू. गाडी दोन दिन बंद ऱ्हाई."