थांबली की बंद

लष्करातली ड्रायव्हरकी संपवून बिराप्पा कुंडलला परतला आणि जवळच्या साखर कारखान्याच्या जीपवर लागला. चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचा भाव भडकला, तसा कारखान्यात हुकूम निघाला, गाडी थांबली की इंजिन बंद. बिराप्पाला त्यात वावगं वाटलं नाही. लष्करातही तो तेच करायचा, फक्त आधी बॅटरीच्या मीटरच्या काट्याकडं बघून. इंजिन चालू करताना बॅटरीतली बरीच वीज जाते. ती भरून यायला गाडी चांगली पळावी लागते. काटा खाली असला, की तो इंजिन सुरूच ठेवायचा.

ऐन गाळपाच्या दिवसांत, ऊसतोडीला आलेल्या राहीबाईच्या पायावरून भरल्या बैलगाडीचं चाक गेलं. नवरा गुंडा तिला पाठुंगळी घेऊन रस्त्यावर आला, तर समोर बिराप्पाचीच जीप. शेजारी बसलेले कारखान्याच्या शेती खात्यातले भाऊसो चटकन उतरले, तिला मागं निजवायला त्यांनीही हात लावला.

दवाखान्याकडचा रस्ता उसाच्या गाड्यांनी तुंबलेला. जीप जराशी सरकायची, पुन्हा अडायची. अडली की भाऊसो सवयीनं हात लांबवून किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे.

"साहेब, आता चालू ऱ्हाऊ द्या. बॅटरी बसंल," बिराप्पा म्हणाला.

"हालत न्हाई तवर उगं कशाला जाळायचं? वर जाब मला द्यावा लागतो रं."

वरिष्ठाचा हात धरणं बिराप्पाला जन्मात जमलं नव्हतं. काटा खाली खाली येताना तो नुसता बघत राहिला.

शेवटी किल्ली फिरवली, तर इंजिन कण्हलं आणि निपचित पडलं. उतरून त्यानं पुढून इंजिनाला लोखंडी हँडल मारलं. तळहात सोलवटले, पण बॅटरीत ठिणगीपुरतीही वीज उरली नव्हती. ढकलावं, तर मागंपुढं बैल. राहीबाईचं कण्हणंही आता बारीक झालं होतं.

गाडीवानांनी घोंगडं पसरलं, चौघांनी टोकं धरली आणि तिला उचलून चालत निघाले. गुंडा मागोमाग पळाला.

"मीबी जातो," बिराप्पा म्हणाला.

"तू गाडीपाशी थांब," भाऊसो खाली बघत म्हणाले. तो थांबला.

पुढं सांगलीत राहीबाईचा पाय गुडघ्याखाली कापला. लवकर आणली असती तरी पाय वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाल्याचं कुणीतरी सांगितलं. बिराप्पाला ते खरंही वाटेना, खोटंही. हुकूम तसाच राहिला. नोकरी होती, तोही पाळत राहिला.

एकदा तो ऊसतोड्यांच्या पालावर गेला. राहीबाई दाराशी बसून भाकरी थापत होती.

"तवा मी किल्ली धरून ठिवायला पायजे व्हती," तो म्हणाला.

"तुमी तरी काय करणार व्हता, दादा? बसा, च्या टाकते," म्हणत ती टेकू शोधत उठू लागली. त्याला नको म्हणता येईना, की पुढं होऊन तिला हातही देता येईना.