लाल चाकं आणि मागची सीट

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडवळणं कशाला. तिच्या शिक्षणाचा नाही, गोऱ्या रंगाचा नाही, डोंबिवलीतल्या तिच्या माहेरच्या ब्लॉकचाही नाही. मला हेवा वाटायचा एका सीटचा. माझ्या दिराच्या मोटरसायकलची मागची सीट.

आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो, चाळीत, दोन खोल्यांत. मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर हाफ पँटीत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याच्या गालफुगीला लेप, सगळं मी केलं. उपकार म्हणून सांगत नाही, पण केलं ते केलं. मोठा झाला, आयटीआय केलं, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागला आणि नव्वद सालाच्या आसपास त्याने सेकंडहँड मोटरसायकल घेतली. काळी. त्याच इस्टेटमध्ये, त्याच्या कंपनीच्या अलीकडे, मी एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात कामाला होते. मग काय, रोज सकाळी त्याच्या मागे बसून मी कामावर.

कारखान्याच्या गेटवर बाकीच्या बायका बसमधून उतरून पदराने घाम पुसत यायच्या. मी मोटरसायकलवरून उतरायचे. उतरल्यावर साडी नीट करायला जरा जास्तच वेळ लावायचे. एकीने विचारलं पण, "नवरा का गं?"

"दीर," मी म्हटलं. म्हटलं अशा थाटात, की ऐकणारीला वाटावं दीर ही काहीतरी नवऱ्याहून वरची पोस्ट आहे.

आमचे हे शिफ्टवाले. रात्रपाळी करून यायचे आणि झोपायचे. त्यांच्याकडे सायकल होती, तिच्यावर मी एकदा बसले होते आणि उतरून चालत आले होते. तेव्हा माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं जे काही होतं, ते कोपरीचा पूल चढून नौपाड्यावरून इस्टेटपर्यंत जायच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत होतं.

मग त्याचं लग्न झालं. मुलगी मीच पसंत केली, बोला आता. शिकलेली, हसतमुख, नौपाड्यात एका टायपिंग क्लासमध्ये शिकवणारी. लग्नाची गडबड संपली आणि पहिल्या सोमवारी सकाळी मी डबा पिशवीत टाकून खाली आले, तर ती मागे बसलेली. पर्स मांडीवर, एक हात त्याच्या खांद्यावर. दीर म्हणाला, "वहिनी, आजपासून तुला बस." म्हणजे टीएमटीची बस. मी म्हटलं, "हो हो, जा तुम्ही." आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आता यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. नवी बायको आहे, तीच बसणार. ते मला कळत होतं. कळतं म्हणून आग विझते असं कुठे आहे? बसची गर्दी नको म्हणून मी चालत जायला लागले. पुलाच्या चढावर ती दोघं मागून यायची, हॉर्न वाजवायची, ती हात करायची, "ताई, येते हं." तिला नौपाड्यात सोडून, तिथे चहा घेऊन तो पुन्हा माझ्या मागून यायचा, आणि तिथपासून इस्टेटपर्यंत ती सीट रिकामी जायची. रिकामी. मी रस्त्याच्या कडेने चालतेय आणि माझी सीट माझ्या बाजूने मोकळी निघालीय. एकदा तो थांबला. "बस ना वहिनी, इथून पुढे तरी."

"जा तू, तुला उशीर होईल," मी म्हटलं. उरलेलं जेवण मी रोज खात होते, त्याचं काही वाटलं नाही कधी. उरलेली सीट मला नको होती.

कारखान्यात बायकांनी विचारलं, दीर सोडत नाही का आता? मी म्हटलं, त्याची वेळ बदलली. खोटं बोलले सरळ.

असे काही महिने गेले. एका रविवारी दीर माझ्याजवळ येऊन बसला. काहीतरी हवं असलं की तो लहानपणापासून असाच येऊन बसतो, नखं कुरतडत. "वहिनी, तुझ्या कंपनीत चाकांना कलर मारून मिळेल का?"

"कसल्या चाकांना?"

"गाडीच्या. हिचं म्हणणं आहे, काळ्या गाडीला लाल चाकं काय दिसतील. अशी काळीच्या काळी दूधवाल्याची वाटते म्हणते."

म्हणजे हौस तिची. तरी मला आतून बरं वाटलं, कारण हौस तिची असली तरी ती पुरी करणं माझ्या हातात होतं. टायपिंग मशीनवर चाकं लाल होत नाहीत.

पण आमच्याकडे एक पद्धत होती. कोटिंगची पावडर म्हणजे रांगोळीसारखी भुकटी, ती बंदुकीने जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, उडवायची आणि जॉब भट्टीत भाजायचा. रंग बदलायचा तर ती बंदूक, तिची नळी, रंगाची सगळी खोली हवेने फुंकून साफ करावी लागे, नाहीतर पांढऱ्या कपाटावर हिरवा कण बसलाच म्हणून समजा. त्यात अर्धा दिवस मोडायचा. म्हणून घरचं काही कोटिंग करून घ्यायचं असेल, तर मोठ्या ऑर्डरच्या शेवटी, शेपटाला लटकवायचं, आणि त्या दिवशी जो रंग चालू असेल तो मुकाट्याने घ्यायचा. शेठही त्याला अपवाद नव्हता. त्याच्या देवघराचा स्टँड हॉस्पिटलच्या कॉटच्या क्रीम रंगाचा होता. सुपरवायझरच्या खिडकीचे गज शाळेच्या बाकांसारखे पोपटी. माझ्या घरची पाण्याची घडवंची, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि स्टूल, सगळं कपाटांच्या करड्या रंगाचं.

दिराला म्हटलं, "करडी हवीत का? उद्या करून देते."

तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, "ताई, लालच हवीत. थांबू आपण. घाई नाही."

लाल आमच्याकडे क्वचित यायचा. आग विझवायच्या वाळूच्या बादल्या टांगायचे स्टँड असायचे, त्यांची ऑर्डर आली तरच. मी रोज बोर्डावर बघायचे, उद्या काय आहे. क्रीम, करडा, क्रीम, पोपटी. आणि एकदाचं लागलं, पुढच्या आठवड्यात लाल. दिराने रविवारी चाकं काढली, टायर-ट्यूब उतरवले, स्पोक सोडवले आणि नुसत्या दोन रिमा माझ्यासमोर ठेवल्या. गाडी चाळीच्या जिन्याखाली विटांवर उभी राहिली. चाकांशिवाय ती फारच बिचारी दिसत होती. मला काही तिची दया आली नाही.

आमचा बंदूक चालवणारा माणूस रिमा बघून म्हणाला, "यावर क्रोम आहे. क्रोमवर पावडर धरत नाही, सालपटं निघतील. चमक मरेपर्यंत घासून आणा." मग मी घासल्या. जेवणाच्या सुट्टीत, घरी भाजी फोडणीला टाकून, रात्री ताटं आवरून. पॉलिश पेपर ओला करायचा आणि घासायचं. बोटांची टोकं सोलवटली. धाकटी म्हणाली, "ताई, द्या ना, मी घासते एक."

"नको, तुझी नखं खराब होतील. टायपिंगला लागतात." असं मी गोड आवाजात म्हटलं. तिला हात लावू द्यायचा नव्हता मला. ही चाकं मी केली, असं त्याने म्हणायला हवं होतं. मी केली, मी एकटीने.

पण खरी मजा वेगळीच होती. गाडी विटांवर, म्हणून तिघंही चालत निघायचो. पुलावरून नौपाड्यापर्यंत तिघं. ती दमायची, पदर सावरायची, घड्याळ बघायची. मी आपली टाकोटाक पुढे, मला सवय होती. नौपाड्यात ती वळली की पुढचा रस्ता आम्हा दोघांचा. दीर बोलायचा. कंपनीत कोण त्याला त्रास देतो, साहेब कसा आहे, लहानपणी मी त्याला पुलावरून मालगाडीचे डबे मोजायला लावायचे ते कसं अजून आठवतं. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. गाडीवर तरी कुठे बोलणं व्हायचं, वारा नुसता कानात.

बादल्यांच्या स्टँडच्या शेपटाला रिमा लागल्या. मी स्वतःच्या हाताने हुकात अडकवल्या. भट्टीतून बाहेर आल्या तेव्हा, काय सांगू, कुंकवासारख्या. बंदूकवाला पण म्हणाला, "एक नंबर झाल्यात." थंड झाल्यावर मी त्या पेपरात गुंडाळून घरी आणल्या आणि वाटलं, संपली मजा.

संपली नव्हती. कोपरीतला स्पोकवाला चाक बांधायला बसला तर स्पोकची टोकं भोकांतून जाईनात. रंगाचा थर भोकांच्या आत बसून ती अरुंद झालेली. आम्ही कपाटं रंगवणारी माणसं. कपाटाच्या भोकात रंग गेला नाही तर गंज चढतो म्हणून सुपरवायझर ओरडायचा, त्यामुळे भोकाभोकात पावडर मारायची सगळ्यांना सवय. चाकाची भोकं बुजवून घ्यायची असतात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवाशप्पथ मलाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं का, ते मला विचारू नका. स्पोकवाला वैतागला, म्हणाला एकेक भोक कानसीने साफ करावं लागेल, घाई कराल तर रंग उडेल, मी सवडीने करणार. मी म्हटलं, सवडीने करा हो, काही घाई नाही. आणखी आठवडाभर मला माझा दीर बरोबर चालायला मिळाला.

चाकं बसली ती एका रविवारी संध्याकाळी. चाळ जमली. काळी गाडी, लाल चाकं, खरंच बघण्यासारखी. समोरच्या काकू धाकटीला म्हणाल्या, "चॉइस छान आहे हो तुझी." वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "बायको आली आणि गाडीला रंग चढला." मी मागे उभी. बोटांची टोकं अजून हुळहुळत होती. चॉइस म्हणे. चॉइस करायला काय लागतं? तोंड उघडायचं आणि लाल म्हणायचं. दीर बाजूलाच उभा होता, एका शब्दाने बोलला नाही की वहिनीने केलं. धाकटीच सांगायला गेली, "अहो, ताईंनी..." तेवढ्यात कुणीतरी किक मारायला सांगितलं आणि ते तिथेच राहिलं.

सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन खाली आले. दीर गाडीवर, मागची सीट मोकळी. चाळीतले दोन-तीन जण दात घासत उभे. तो म्हणाला, "वहिनी, चल, बस."

"आणि ती?" मी विचारलं.

"ती येईल चालत. तू बस."

मी बसले. आता खरं सांगते, त्या दिवशी पुलावरून जाताना मला वाटलं, माझ्यासारखी सुखी बाई अख्ख्या ठाण्यात नसेल. लक्षात ठेवलं पोराने. बोलला नाही काल, पण मनात ठेवलं. शेवटी मी वाढवलेला. नौपाडा गेला, तरी सीट माझीच. कारखान्याच्या गेटवर बायका उभ्याच होत्या. मी उतरले, साडी नीट केली, सावकाश.

तो हेल्मेट सारखं करत म्हणाला, "संध्याकाळी इथेच थांब. न्यायला येतो. आज दिवसभर गाडी ताईंची, असं हिने बजावलंय मला. काल रात्री नुसती मागे लागली, ताईंनी एवढं घासलं, पहिल्यांदा त्यांना बसव म्हणून. माझ्या तर डोक्यातच आलं नव्हतं."

आणि गेला. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, असं हसत बोलून गेला. त्याला काय कळणार. मी तिथे गेटवर उभी, आणि बायका म्हणतायत, "काय गं, लाल चाकं? दिराने आणलं वाटतं सोडायला?" मी मान हलवली. दिराने कुठे, जावेने पाठवलं होतं मला. माझीच सीट, आणि तिने मला एक दिवस बसायला दिली होती. दिवसभर मी क्रीम रंगाच्या कॉटचे पाय हुकात अडकवत होते, आणि मनात एकच घोळत होतं, हिने तोंड मिटून का नाही ठेवलं.

संध्याकाळी तो आला. मी बसले. रागाने बसले, पण बसले.

घरी पोचलो तर धाकटी अजून यायची होती. नौपाड्याहून चालत आली बिचारी, चपलेचा अंगठा तुटलेला, चप्पल हातात, टाच धुळीने भरलेली. दारातच विचारलं, "ताई, मजा आली ना?" अगदी मनापासून. तिच्या चेहऱ्यावर खोट शोधली मी, सापडली नाही.

"आली," मी म्हटलं. "बस, चहा टाकते."

तिला दोन चमचे साखर लागते, हे मला माहीत होतं. मी एकच घातला. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता सगळा चहा पिऊन टाकला. त्याचाही मला रागच आला.