वाटेत भेटलेली बाई

माझी आत्या गाड्यांची सीटकव्हरं शिवते. गॅरेजला लागून तिची एक लांबट खोली आहे. आत जाड सुईचं मशीन, भिंतीला टेकवलेले रेक्झीनचे गुंडाळे, आणि पंखा लावला की सगळीकडे उडणारा फोमचा भुगा. तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय. त्यात सुई टोचली तरी तिला कळत नाही. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरात साधं "मीठ दे" म्हणाली तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण लागलं. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मापाचं मिळालं नाही."

आजी तिच्याजवळच राहायची. आजीचं सगळं तिनंच केलं. आजी गेली आणि आत्याच्या हाताला एकदम काही कामच उरलं नाही. खोली होती, मशीन होतं, गिऱ्हाइकं होती, पण संध्याकाळी घरी जाऊन करायचं काय, हे तिला सुचेना. त्या दिवसांत पार्लरमावशी रोज यायची.

पार्लरमावशी म्हणजे आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी पहिलीपासून एका बाकावर. मावशीचं कोपऱ्यावर छोटं ब्यूटी पार्लर होतं. दिसायला नीटनेटकी, बोलायला गोड, आणि दगडालाही हसवेल अशी. तिचा नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला होता. जाताना तिला म्हणाला होता, "तुला गल्लीच्या टोकापर्यंत एकटीनं जाता येत नाही, तू काय जगणार?" ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलेलं. गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता ती ते सगळ्यांना ऐकवायची.

त्या मोठ्या पायवाटेचं खूळ मावशीनंच काढलं. डोंगररांगेच्या एका टोकाला सुरू होऊन थेट समुद्राला जाऊन मिळणारी वाट. पुरी करायला महिनेच्या महिने लागतात. अधूनमधून एखादं गाव, कुठंकुठं मुक्कामाला निवारे, बाकी सगळा डोंगर आणि आपले पाय.

"आपण दोघी जाऊ," मावशी म्हणाली. "तू आईसाठी आयुष्य घालवलंस, मी त्या मेल्यासाठी. आता जरा आपल्यासाठी चालू."

बाबा म्हणाले, "या वयात? गुडघे काय म्हणतील?"

"गुडघ्यांना विचारलेलं नाही अजून," आत्या म्हणाली.

पाठीवरच्या दोन्ही सॅक आत्यानं स्वतः शिवल्या. ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीतलं हलकं कापड आणलं, मावशीच्या खांद्यांचं माप घेतलं, पट्ट्यांत फोम भरला. मावशीच्या सॅकला हौसेनं लाल किनार लावली. तंबू एकच घेतला, दोघींत. कापड एकीनं न्यायचं, काठ्या आणि खुंट्या दुसरीनं. स्टोव्ह एकीकडे, भांडी दुसरीकडे. निघताना आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. दोघी शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिदळत होत्या.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले, असं आत्या आजही म्हणते. आदल्या दिवशी धुतलेले मोजे सॅकवर वाळत घालून चालायचं. टाचेला फोड आला की आत्या सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायची, म्हणजे पाणी निघून जातं. मावशी तेव्हा अशी किंचाळायची की झाडावरची पाखरं उडायची. मावशी घोरायची आणि सकाळी आत्यावरच आळ घ्यायची.

मग मावशीचा गुडघा धरला. तंबूच्या काठ्या आत्यानं घेतल्या. मग स्टोव्ह घेतला. मग तांदूळ-डाळीची पिशवी. मावशीचा फोन दिवसभर चालू असायचा, त्याला लागणारी जड पॉवर बँकही आत्याच्याच पाठीवर आली. आत्याकडे बटणांचा जुना फोन; निवाऱ्यावर पोचली की बाबांना "पोचले, बरी आहे" एवढं सांगायची आणि ठेवायची.

चालताना मावशी मध्येच थांबायची. "ए, एक व्हिडिओ घे ना. तू मागं राहा, तुझी सावली यायला नको. मोकळा डोंगर दिसला पाहिजे." आत्या उन्हात ओझ्यासकट उभी राहून व्हिडिओ घ्यायची. तिला वाटायचं, आपल्या मुलांना पाठवत असेल. मावशी ते सगळ्या जगाला दाखवत होती, हे आम्हाला घरी ठाऊक होतं; अधूनमधून एखादा आम्ही आवडीनं बघायचोही. आत्या कुठंच दिसत नव्हती, पण तिला फोटोचं पहिल्यापासून वावडं. घरातल्या लग्नांच्या अल्बममध्येसुद्धा ती कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धीच असते. आणि मावशी व्हिडिओत "मी" म्हणायची ते ती प्रत्यक्षातही म्हणायचीच.

एका संध्याकाळी, अर्धी वाट संपली असेल, दोघी ओढ्याकाठी बसल्या होत्या. भात शिजत होता. आत्यानं मावशीला आजीची एक गोष्ट सांगितली. तिनं ती ना बाबांना सांगितली होती, ना मला.

शेवटी शेवटी आजी आत्याला ओळखायची नाही. तिला वाटायचं, ही कुणी शिवणाची बाई आपल्या घरी कामाला आलीय. संध्याकाळ झाली की आजी कासावीस व्हायची. म्हणायची, "शिवणाच्या बाई, तुम्ही आता निघा. उशीर झाला. तुमची आई वाट बघत असेल." आधी आत्या समजावायची, रडायची. मग तिनं तो नाद सोडला. "हो, निघते," म्हणायची, चपला घालायची, दार ओढून घ्यायची आणि जिन्यात थोडा वेळ उभी राहायची. मग दार वाजवून आत यायची. "आई, आले गं." आजीचा चेहरा उजळायचा. "आलीस? ती बाई आत्ताच गेली बघ. फार गुणाची आहे."

हे सांगून आत्या रडली. मावशीही रडली. तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं झालं बोललीस." त्या रात्री आपल्याला फार गाढ झोप लागली, असं आत्या म्हणाली होती.

त्यानंतर काही दिवसांनी त्या एका निवाऱ्यावर पोचल्या. दुपारची वेळ. बाहेर बोचरा वारा सुटला होता, म्हणून पुढं न जाता थांबल्या. लांबलचक लाकडी टेबल, भिंतीला खिळे, खिळ्यांना लोकांचे ओले कोट. तिथं एक तरुण जोडपं बसलं होतं. मावशीला बघताच त्यातली मुलगी उठलीच.

"तुम्ही त्याच ना? एकट्या चालताय त्या? आम्ही तुमचा एकही व्हिडिओ चुकवत नाही!"

आत्या दारात सॅक उतरवत होती. दोघींचं ओझं एकीच्या पाठीवर. उतरवायला वेळ लागायचा. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक होतेय.

मुलीनं आत्याकडे बघून विचारलं, "आणि या?"

मावशी हसून म्हणाली, "या वाटेत भेटल्या."

मुलीनं आपला फोन आत्याच्या हातात दिला. "काकू, जरा आमचा फोटो काढाल?"

आत्यानं फोटो काढला. नीट, सरळ, तिघांचीही डोकी येतील असा. मावशी तिच्याकडे बघत नव्हती.

मावशी अंघोळीला गेली तेव्हा आत्या त्या मुलीजवळ जाऊन बसली. म्हणाली, "मला दाखवतेस का गं त्यांचे व्हिडिओ? माझ्या फोनवर दिसत नाहीत." मुलीनं कौतुकानं दाखवले. छातीभर पाण्यातून आधी आत्या दोर घेऊन पलीकडे गेली होती ती नदी. व्हिडिओत मावशी एकटीच पलीकडल्या काठावर उभी, निथळत, "घाबरले होते, पण उतरले" म्हणत. लाल किनारीची सॅक, वर मागाहून भरलेला आवाज, "ही मी स्वतः शिवली." आत्या बघत राहिली. राग यायला लागला होता, पण अजून हसूही येत होतं.

"हा बघाच काकू," मुलगी म्हणाली. "हा बघून मी ढसाढसा रडले."

मावशी ओढ्याकाठी बसली होती, फोन स्वतःच धरून. मागं त्यांचाच तंबू. डोळ्यांत पाणी. "माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती," ती सांगत होती. "मला म्हणायची, पार्लरच्या बाई, तुम्ही आता निघा. तुमची आई वाट बघत असेल..." जिना, चपला, वाजवलेलं दार, "आई, आले गं". शब्दाला शब्द. फक्त शिवणाच्या बाईची पार्लरची बाई झाली होती.

मावशीची आई तेव्हा मावशीच्या भावाकडे होती. धडधाकट. सगळ्यांना नावानिशी ओळखून, वर सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसलेली.

आत्यानं फोन परत केला. "छान बोलतात," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं जेवायला भांडं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट दाट झाडीतून वर चढत होती. मग आत्या थांबली.

"मी वाटेत भेटले होय तुला?"

मावशीला हे येणार ठाऊक होतं. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. "अगं, तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन बायका फिरायला गेल्या, हे कोण बघणार? एकटी बाई म्हटली की लोक थांबतात. आणि तो मेला बघत असेल ना! त्याला कळू दे मी काय आहे ते."

"त्याला कळावं म्हणून मला पुसून टाकलंस?"

"तुला कुठं यायचं असतं फोटोत?"

ते खरंच होतं. मग आत्यानं विचारलं, "आणि माझी आई?"

मावशी खाली बघत बुटाच्या टोकानं माती उकरत होती. "तू ती कुणाला सांगणार होतीस?" ती म्हणाली. "तुझ्याकडे नुसती पडूनच होती ना? माझ्यामुळे हजारो लोक रडले तिच्यासाठी."

"तिच्यासाठी नाही," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी रडले."

नेहमी तिचा आवाज गल्लीपलीकडे जायचा. त्या दिवशी मावशीला तो ऐकायला पुढं वाकावं लागलं. आत्यानं सॅक खाली ठेवली, तिचं तोंड सोडलं आणि मावशीचं सामान काढून एका सपाट दगडावर मांडलं. स्टोव्ह. अर्धे तांदूळ. पॉवर बँक. तंबूचं कापड आणि काठ्याही ठेवल्या, कारण पुढं खिंड होती आणि मावशीला थंडी सोसत नाही, हे तिला माहीत होतं. स्वतःसाठी फक्त अंथरायची ताडपत्री ठेवून घेतली. सॅक पाठीला लावली आणि निघाली.

"अगं, हे सगळं मी एकटी कसं नेऊ?" मागून मावशी ओरडली.

आत्यानं वळून पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "वळले असते तर परत उचललं असतं गं. मला माझी खात्री नव्हती."

खिंड तिनं ताडपत्री अंगाभोवती गुंडाळून, एका खडकाच्या आडोशाला रात्र काढून ओलांडली. पुढचे सगळे दिवस एकटीनं चालली. तिला लोक भेटायचे, विचारायचे, "एकट्याच?" ती "हो" म्हणायची, आणि त्या "हो"चा तिला दर वेळी राग यायचा. शेवटी समुद्र आला. तिनं बूट काढले, पाय बुडवले, पाणी थंड होतं, आणि बाजूला ज्याच्याकडे बघून हसावं असं कुणी नव्हतं. तिनं बाबांना फोन केला. "पोचले. बरी आहे."

मावशी त्याआधीच पोचली होती. खालच्या गावातून बस पकडून. किनाऱ्यावर तिचा व्हिडिओ झाला, लोक फुलं घेऊन आले होते. त्यानंतर तिला शाळा-कॉलेजांत बोलवायला लागले. ती चांगलं बोलते, ते काही खोटं नाही.

आत्या परतल्यावर वाटेत काय काय झालं ते कळलं, तेव्हा मी पेटून उठले. म्हटलं, "मी सगळं लिहिते. पुरावे आहेत. सॅक तू शिवलीस, कापडाचा उरलेला तुकडा अजून खोलीत आहे."

"काही लिहायचं नाही," आत्या म्हणाली. "तू लिहिणार, ती उत्तर देणार, आणि आई परत चार लोकांच्या तोंडी. खरी कुणाची, खोटी कुणाची. पुरे झालं."

हे मला तेव्हा पटलं नाही. मग एक दिवस मी तिच्या खोलीत बसले असताना एक गिऱ्हाईक आलं. सज्जन माणूस, गाडीची सीट दाखवायला आलेला. माप घेता घेता आईच्या आजारपणाचा विषय निघाला. तो म्हणाला, "मध्ये एका बाईंचं भाषण ऐकलं. त्यांची आई त्यांना पार्लरची बाई समजायची. काय सांगू तुम्हाला, अख्खं सभागृह रडत होतं. मीही घरी जाऊन आईच्या पायाशी बसलो. तुम्ही ऐका एकदा."

"ऐकलंय," आत्या म्हणाली आणि टेप गुंडाळत राहिली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलली, "आता मी कुणाला सांगायला गेले, तर म्हणतील, ही त्या बाईंची गोष्ट आपली म्हणून सांगतेय."

मावशी मध्यंतरी एकदा येऊन गेली. दारात उभी राहून म्हणाली, "अजून रागावलीयेस?" आत्यानं मशीन थांबवलं नाही. मावशी थोडा वेळ उभी राहिली, तिला काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मशीनच्या आवाजावर बोलायची तिला सवय नाही. ती गेली.

सुट्टीच्या दिवशी आत्या अजून डोंगरात चालायला जाते. हल्ली मीही बरोबर असते. तिनं नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. माझं ओझं ती मला उचलू देते. पण चालताना बोलत नाही. मागच्या खेपेला मी एकदा धीर केला. म्हटलं, "आत्या, आजी कशी होती गं, तरुणपणी?"

ती काही पावलं तशीच चालली.

"पुढं दगड ओले आहेत," ती म्हणाली. "बघून पाय टाक."